समजा थीटा बरोबर शून्य

"कॉमर्स का? तरीच."

एवढंच म्हणाला तो माणूस, आणि मी अजून त्याला मनातल्या मनात उत्तरं देतेय. भांडी घासताना देते, सिग्नलला देते, काल तर चहा उतू जाईपर्यंत देत होते.

तर लेकीची इंजिनिअरिंगची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा होती. सेंटर हायवेच्या पलीकडे, एप्रिलचं ऊन, पालकांना गेटच्या आत बंदी आणि बाहेर सावलीचं झाड एकच, त्याच्याखाली अख्खा तालुका बसलेला. मला जागा मिळाली ती या काकांशेजारी. वयाने माझ्याएवढेच असतील, पण काही माणसं पंचविशीतच काका होतात त्याला कोण काय करणार. मांडीवर फाइल, फाइलमध्ये मागच्या वर्षांचे कटऑफ, लॅमिनेट केलेले. आधार कार्ड लॅमिनेट करतात माहीत होतं, कटऑफ करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"मॅडम, मुलीची मॅथ्सची स्ट्रॅटेजी काय?"

मी म्हटलं, अभ्यास केलाय की तिने.

काका असे हसले की पलीकडच्या बाई थर्मासचं झाकण लावता लावता थांबल्या.

"अहो, अभ्यास सगळेच करतात!" आणि मग जी गाडी सुटली ती थांबेचना. ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. प्रत्येकी दोन मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे प्रश्न कोरा सोडणं हे पाप. फिजिक्स-केमिस्ट्रीत वेळ उरला तरी तो मॅथ्सला मिळत नाही, त्यामुळे तिथे घाई करून उपयोग नाही. पहिल्या फेरीत लॉजिक, मॅट्रिक्स, एलपीपी म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग, हे धडे उरकून घ्यायचे. वर्तुळ आलं की दिलेला बिंदू चारही पर्यायांत टाकून बघायचा. इंटिग्रेशन आलं तर इंटिग्रेशन करायचंच नाही, पर्याय डिफरन्शिएट करायचे, जो उलटा फिरून प्रश्नावर येईल त्याच्यावर क्लिक. आणि हे सगळं बरोबर होतं हो, हाच तर वैताग. चूक असतं तर मी सुखाने मोबाइल काढून बसले असते.

"आता तुम्हीच सांगा," फाइलमधून एक कागद निघाला. "कॉस रेझ टू फोर थीटा मायनस साइन रेझ टू फोर थीटा. पर्याय ए, साइन टू थीटा. बी, कॉस टू थीटा. सी, एक. डी, शून्य. काय कराल?"

"सोडवेन."

"सोडवायचं नाही! तिथेच मार खातात आपली मुलं. थीटा बरोबर शून्य घाला. उत्तर काय? एक. झालं."

थर्मासवाल्या बाई, एक रिक्षावाले आणि गेटवरचा वॉचमन, सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, पण शून्य घातल्यावर बी पण एक येतो आणि सी पण एकच आहे, मग क्लिक कुठे करायचं?

काका क्षणभर गप्प. "मग तीस घालायचं."

तीस अंशाच्या कॉसचा चौथा घात कोण काढत बसणार! ए स्क्वेअर मायनस बी स्क्वेअर आहे ते सरळ, एक कंस कॉस टू थीटा, दुसरा कंस एक, संपलं. मी रिक्षावाल्यांच्या बिलबुकाच्या मागे एका ओळीत लिहून दाखवलं. बारावीला आमचे सर म्हणायचे स्टेप दाखवा, स्टेपला मार्क आहेत, त्यांच्या पुण्याईने आलं.

काकांनी कागदाकडे बघितलंच नाही. घड्याळाकडे बघितलं. "पंचावन्न सेकंद गेले तुमचे. सायन्स?"

"नाही, कॉमर्स."

"तरीच."

आता यात हसण्यासारखं काय होतं ते त्या वॉचमनलाच माहीत.

पण राग खरं तर काकांवर नाहीये. इंजिनिअरिंगला बारावीत ओपनवाल्याला ४५ टक्के पुरतात, बाकी सगळा खेळ सीईटीचा, म्हणून पोरं कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला जातात आणि क्लासवाल्यांना आपण कॉलेजच्या दसपट फी मोजतो, कशासाठी, तर गणित न सोडवता उत्तर कसं काढायचं ते शिकायला. वर मार्क नाहीत, पर्सेंटाइल. पोरीला किती आलं ते नाही, तिच्यामागे किती जण राहिले ते. एखादा प्रश्नच चुकलाय असं वाटलं तर आक्षेपाचे १००० रुपये, एका प्रश्नाचे. आणि प्रश्न चुकतात! २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते, ५ मेला त्या पोरांना परत बसवलं.

हे मी काकांना विचारलं. पर्यायच चुकीचे असले तर पर्याय घालून बघायच्या स्ट्रॅटेजीचं काय?

काकांनी खरंच फाइल चाळली. पुढून चाळली, मागून चाळली.

"पुढच्या प्रश्नावर जायचं," ते म्हणाले.

तेवढ्यात गेट उघडलं आणि लेक बाहेर आली. कसा गेला विचारलं तर म्हणे बरा, शेवटी आठ-दहा राहिले त्या सगळ्यांना सी टाकलं.

"सगळ्यांना एकच? शाब्बास!" काका उठून उभे राहिले. "म्हणजे चारातला एक तरी लागतोच. मॅडम, मुलगी हुशार आहे हो तुमची." आवाजात खरंच आश्चर्य होतं. मग त्यांचा धाकटा आला, मान खाली घालून. त्याने राहिलेल्यांना एकदा ए, एकदा डी, मनाला येईल तसं टाकलं होतं. काकांनी फाइल बंद केली आणि त्याला पाण्याची बाटलीही न देता म्हणाले, "चल, घरी बोलू."

पोरगा बिचारा माझ्या लेकीकडे असा बघत होता की जणू सी तिनेच पळवला.

जाता जाता काकांनी माझा नंबर घेतला, मी दिला, का दिला माहीत नाही. आता रोज सकाळी सहाला गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली एकेका कॉलेजचा कटऑफ येतो.