हेलेलिलचा प्रियकर ‘बिचारा’ नव्हता: त्या व्हायरल चित्राची अर्धवट गोष्ट

दगडी गोल जिना, निळ्या झग्यातली मुलगी (हीच हेलेलिल), तिचा हात कवटाळून त्यावर चेहरा टेकवलेला चिलखतातला तरुण (तिचा प्रियकर हिल्डेब्रांड), हे चित्र सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतंय आणि खाली मजकूर असा की ही सत्यकथा आहे, राजकन्या साध्या शिपायाच्या प्रेमात पडली, बापाला ते खपलं नाही, भावांनी त्या निष्पाप पोराला मारलं, आणि हे ऑईल पेंटिंग इतकं दुःखी आहे की म्युझियमवाले ते कपाटात बंद ठेवतात. माझं हे फार लाडकं चित्र आहे, म्हणून राहवत नाही.

ऑईल नाही, वॉटरकलर आहे, कागदावरचं. फ्रेडरिक विल्यम बर्टन या आयरिश चित्रकाराने १८६४ मध्ये काढलेलं. कपाटाचं खरं आहे, पण कारण उजेडाने रंग उडतात हे आहे, म्हणून डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत ते आठवड्यातून मोजकेच तास उघडतात.

सत्यकथाही नाही, मध्ययुगातलं डॅनिश कथागीत आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर १८५५ मध्ये बर्टनचा मित्र व्हिटली स्टोक्स याने केलं, आणि हा माणूस पुढे भारतात आला, १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लॉ मेंबर, म्हणजे कायदा खात्याचा सदस्य हाच होता. चित्र गॅलरीला मिळालं ते स्टोक्सची बहीण मार्गारेट हिच्याकडून, १९०० मध्ये, मृत्युपत्राने.

‘साधा शिपाई’ म्हणाल तर हिल्डेब्रांड हेलेलिलच्या बारा रक्षकांपैकी एक होता खरा, पण होता राजपुत्र. म्हणजे गरीब-श्रीमंतीचा मामलाच नाही.

आता ‘निष्पाप पोराला मारलं’. बापाने सात मुलांना त्याच्यावर सोडलं हे बरोबर, पण पुढचं कुणी लिहितच नाही: हिल्डेब्रांडने तिच्या बापाला आणि सात भावांपैकी सहा जणांना ठार केलं. धाकट्याला तरी सोड म्हणून हेलेलिलनेच आकांत केला, तेव्हा तो वाचला. हिल्डेब्रांड जखमांनी गेला, आणि वाचलेल्या त्याच भावाने तिला केसांनी घोड्याच्या खोगिराला बांधून नेलं. नंतर तीही फार जगली नाही. मारणारेही तिचे आणि मरणारेही तिचे, तिने रडायचं कुणासाठी? दुष्ट घरचे विरुद्ध बिचारे प्रेमी असं केलं की हेलेलिलची ही कोंडीच गायब होते.

आणि जिन्यावरची भेट गाण्यात नाहीच! ती बर्टनची स्वतःची. एवढी कापाकापी हाताशी असताना त्याने रक्ताचा थेंब दाखवला नाही, दोघांची नजरानजरसुद्धा नाही, तिने तोंड फिरवलंय आणि पाठीवर लांब वेणी. गाण्यातलं ते खोगीर माहीत असलं ना, की त्या वेणीकडे बघवत नाही.

‘त्या काळात असलं चित्र लोकांना अश्लील वाटलं’ असंही कुणीतरी जोडलंय. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियटने (टोपणनाव पुरुषी, पण ही बाई) उलट त्यातल्या भावनेच्या संयमाचं मनापासून कौतुक केलं होतं. ती स्वतः लग्न न करता एका विवाहित माणसाबरोबर राहत होती, भाऊ आयझॅक त्यामुळे वीसहून जास्त वर्षं बोलत नव्हता, म्हणजे घरच्यांनी तोडणं काय असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

फॉरवर्ड जरूर करा, पण बर्टनचं नाव टाका आणि ते सहा भाऊ गाळू नका.