दूध अडवलं, त्याचं कारण सांगते

नमस्कार दादा, तुमचे बाबा ज्या आमच्या सेंटरमध्ये आहेत त्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी त्या संध्याकाळी ड्युटीवर कोण कोण होतं त्यांच्याशी बोलायचं होतं. तुम्ही लिहिलंय की पुण्यातनं गाडी चालवत आलो, बाबांना आवडतं म्हणून कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावरनं धारोष्ण दूध आणलं, ते पाजू दिलं नाही, वीस मिनिटांत बाहेर काढलं, बाबांच्या हाताला पिशवी बांधलेली आणि तालमीतला माणूस पार वाळलाय म्हणजे इथं उपाशी ठेवतात. एक स्टार.

वीस मिनिटांचं आधी. ते चुकलं, सरळ माफी मागते. सात वाजता ड्युटी बदलते, सगळी गडबड असते, त्यात सिस्टर तुम्हाला "चला आता, वेळ झाली" म्हणाली. वेळेचा नियम मीच केलेला, इन्फेक्शन नको आणि बाकीच्यांना आराम मिळावा म्हणून, पण जो माणूस एवढा सिरियस आहे त्याच्या पोराला घड्याळ दाखवायचं नसतं हे मी स्टाफला नीट सांगितलेलंच नव्हतं. सिस्टरची नाही, माझी चूक. कालपासून अशा पेशंटजवळ घरचं एक माणूस कधीही बसू शकतं, रात्रभर बसायचं असलं तरी, खुर्ची आणि पांघरूण आम्ही देतो.

दुधाचं मात्र सिस्टरनं बरोबर केलं आणि परत आणलंत तरी मी स्वतः अडवीन. अर्धांगाचं तुम्हीच लिहिलंय म्हणून तेवढंच बोलते. अर्धांगात हातपाय जातात तसं बऱ्याच जणांचं गिळणंपण बिघडतं. आपण घोट घेतो तेव्हा श्वासनलिकेवर झाकण पडतं, ते वेळेत पडलं नाही तर घोट पोटात न जाता छातीत जातो, आणि पातळ पदार्थ सगळ्यात धोक्याचे कारण दूध, पाणी, चहा तोंडात थांबतच नाही, सरसर खाली जातं. त्यात कितीतरी पेशंटना ठसकासुद्धा लागत नाही. घरच्यांना वाटतं वा, किती छान प्यायले, आणि दोन दिवसांनी ताप, छातीत घरघर, न्यूमोनिया. मी बावीस वर्षं नर्सिंग केलंय, हे एका वाटी पेजेनं झालेलं पण बघितलंय. आणि धारोष्ण म्हणजे न तापवलेलं, एवढ्या अशक्त माणसाला ते तसंही देत नाहीत. गिळणं तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तोंडानं काहीच नाही, नाकातनं घातलेल्या नळीतनंच. (वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी नळीवरचा पेशंट असेल तर फीड, म्हणजे नळीतनं जाणारं पातळ अन्न, देताना डोक्याकडची बाजू चांगली वर करा आणि नंतर निदान अर्धा तास लगेच आडवं करू नका.)

हाताला दिसली ती पिशवी म्हणजे मिटन, बोटं झाकणारा हातमोजा, नाकातली नळी ओढून काढू नये म्हणून घालतात, डॉक्टरांना विचारूनच घातलेलं. दर दोन तासांनी कूस बदलतो तेव्हा ते काढून बोटं मोकळी करतो, कुठं लाल झालंय का बघतो. पण घालायच्या आधी तुम्हाला फोन करायला पाहिजे होता, तो केला नाही. बापाचा हात असा अचानक बघितल्यावर कुणाचाही जीव तुटेल.

वाळलेत हे खरं आहे. अंथरुणाला खिळल्यावर स्नायू झिजतात, फीड वेळेवर गेलं तरी झिजतात, आणि ज्यानं जोर-बैठका मारून शरीर कमावलंय त्याच्या बाबतीत तर ते लगेच डोळ्यांना दिसतं. उपाशी ठेवतात हे मात्र मला मान्य नाही. किती वाजता किती एमएल दिलं, कुणी दिलं, सगळं पलंगाच्या पायथ्याच्या चार्टवर सहीसकट आहे, फोटो काढून न्या आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, बहुतेक तुमच्या लक्षात आली नसेल. सिस्टर सांगत होती, तुम्ही किटलीचं झाकण उघडलं तेव्हा वर अजून फेस होता, आणि बाबांनी मान तुमच्याकडे वळवली. एरवी कूस बदलताना सोडलं तर ते मान हलवत नाहीत. म्हणून म्हणते, किटली आणा. पाजायचं नाही, पण नाकाजवळ धरा, आणि तिथंच बसून तुम्ही ग्लासभर प्या. ओल्या कापसानं ओठ, जीभ, हिरड्या कशा पुसायच्या ते मी दाखवते, ते काम दिवसातनं खूपदा लागतं आणि ते तुमच्या हातानं होऊ दे. उत्तर देत नाहीत म्हणून गप्प बसू नका, तालमीतलं, गावाकडचं जे सुचेल ते बोला, ऐकू येत असणार असं धरूनच आम्ही पण बोलतो. कुठल्या बाजूला बसायचं ते आल्यावर सांगते, बाकी तब्येतीचं इथं सगळ्यांसमोर लिहिणं बरोबर नाही.

रविवारची वाट बघू नका, जमलं तर उद्याच या. पुण्यातनं निघालात की ऑफिसच्या नंबरवर फोन टाका, कितीही वाजू देत, मी थांबते.