कर भरताना वस्तू, विकताना परवाना

आमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चघळला जातोय. कोल्हापुरात स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी करणाऱ्या एका मित्राने बंद पडलेल्या ऑफिसातून सेकंडहँड वर्कस्टेशन घेतलं. त्यासोबत ड्रॉइंगचं महागडं सॉफ्टवेअरही आलं. ते क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकटात टाकलेलं, नव्हतं. आधीच्या मालकाने रोख पैसे मोजून कायमचं लायसन्स घेतलेलं. बिल, डीव्हीडीचा डबा, सिरियल नंबर, सगळं मित्राच्या ताब्यात. तरी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंच: लायसन्स दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तुमचा वापर बेकायदा, नवं सबस्क्रिप्शन घ्या.

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, चोरी ती चोरीच. दुसरा म्हणतो, निम्मं हिंजवडी क्रॅकवर शिकलंय, आता कशाला सोवळं नेसता? मी तोंड उघडल्यावर मला हमखास मिळतो तो टोला म्हणजे, ‘तुझं बरंय बाई, युरोत पगार घेतेस.’ टोला अगदीच चुकीचा नाही. जे सबस्क्रिप्शन इथे जर्मनीत खिशाला खुपतं, ते तिकडे चार माणसांच्या ऑफिसचं कंबरडं मोडतं, आणि किंमत ठरवणाऱ्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

पण या भांडणात मित्राचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याने काही चोरलेलं नाही. ज्याने पैसे देऊन वस्तू घेतली, त्याच्याकडून त्याने ती विकत घेतली. हा विकण्याचा हक्क कुणाला आहे, एवढाच मुद्दा आहे, आणि मी राहते त्या जर्मनीत त्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

इथे मोठ्या कंपन्यांची लीजवरून परत आलेली कॉम्प्युटर मशीन सर्रास विकली जातात. नोकरीबाहेरच्या छोट्या डिझाइनच्या कामांसाठी मीही तसलंच एक घेतलं. जुनं असलं तरी खासगी ग्राहकाला विकताना दुकानदाराला त्याची कायदेशीर हमी द्यावीच लागते; फार तर ती दोन वर्षांवरून एका वर्षावर आणता येते. त्यावर टाकायला मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन्सही मी वापरलेलंच घेतलं. होय, वापरलेल्या सॉफ्टवेअरचा इथे रीतसर धंदा चालतो. त्यामागे ३ जुलै २०१२ चा युरोपीय न्यायालयाचा निकाल आहे. यूज्डसॉफ्ट नावाची जर्मन कंपनी ऑरॅकल या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीची वापरलेली लायसन्स विकत होती. ऑरॅकलने कोर्टात खेचलं. न्यायालयाने सांगितलं, पैसे घेऊन मुदतीशिवाय वापरायला दिलं, तर ती विक्रीच झाली. करारात ‘हस्तांतरणीय नाही’ लिहिलं तरी पुढची विक्री अडवता येणार नाही. अट मात्र कडक: विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केलीच पाहिजे.

म्हणून माझ्याकडे लायसन्ससोबत कागदांची फाइल आली. मूळ खरेदीचा पुरावा, लायसन्सच्या अटी, आणि आधीच्या मालकाने आपल्या मशीनवरून सॉफ्टवेअर काढून टाकल्याचं लेखी निवेदन. उद्या वाद झाला तर हे सिद्ध करायची जबाबदारी माझी. स्कूटर घेताना आरसी बुक आपल्या नावावर करून घेतो, तसंच काहीसं. पैशाइतकाच कागदालाही मान आहे.

अमेरिकेने नेमका उलटा रस्ता धरला. टिमथी व्हर्नर नावाच्या माणसाने सिअ‍ॅटलच्या एका आर्किटेक्ट फर्मकडून ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती घेतल्या आणि ईबेवर विकायला काढल्या. २०१० मध्ये अपील न्यायालयाने ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची बाजू धरली: मूळ फर्मला सॉफ्टवेअर विकलेलंच नव्हतं, फक्त परवाना दिला होता, त्यामुळे पुढे विकायला व्हर्नरकडे काही नव्हतं. मित्राला आलेल्या पत्राचा सूर थेट या निकालातला आहे. पत्र मात्र कोल्हापुरात आलंय.

आणि आपल्याकडे? इथे मला खरी गंमत वाटते. २००४ मध्ये टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तयार, डबाबंद सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे, सबब विक्रीकर भरा. पुढे आयकर खातं म्हणू लागलं की परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी जाणारा पैसा ही कॉपीराइटची रॉयल्टी आहे, कर कापा. त्यावर कंपन्यांची बाजू काय होती? छे, आम्ही कॉपीराइट कुठे देतो, ही तर मालाची विक्री! २ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. दोन्ही निकाल करापुरते आहेत, हे मान्य. पण करखात्यापुढे ‘विक्री’ आणि कोल्हापूरच्या ऑफिसापुढे ‘फक्त परवाना’, या दोन टोप्या एकाच उद्योगाला एकाच वेळी घालू द्यायच्या का, हा प्रश्न आपल्याकडच्या चर्चेत का येत नाही?

त्याऐवजी आपण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब ची भीती घालतो. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून फक्त दंडावर भागवू शकतं, हे ग्रुपवर कुणी सांगत नाही. धाक इतका असूनही सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच संघटनेचा, बीएसएचा, २०१७ चा अंदाज होता की भारतात ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना आहे. जर्मनीत २० टक्के. जर्मन माणूस जन्मतः सज्जन असतो म्हणून हा फरक पडतो, असं मला तरी वाटत नाही. शेजारी राहून पाहिलंय.

अर्थात इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. वापरलेलं लायसन्स विकायचा हक्क कायमच्या लायसन्सलाच आहे, आणि तीच जात संपत चाललीय. अडोबीने २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या सबस्क्रिप्शनवर नेल्या, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं बंद केलं. भाड्याची खोली विकता येत नाही. म्हणजे युरोपने हक्क दिला आणि बाजाराने त्याखालची जमीनच काढून घेतली. शिवाय चार-पाच युरोत विंडोजचा अ‍ॅक्टिव्हेशन कोड विकणारे भामटे इथेही पोत्याने आहेत. सोबत कागद काहीच नाही.

तेव्हा गावाकडच्यांना माझं सांगणं फार मोठं नाही. सेकंडहँड पीसी घेताना दुकानदार ‘सगळं टाकून देतो, ऑफिस, कोरल, फोटोशॉप’ म्हणाला, की कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘slmgr /dli’ चालवायला लावा. ओईएम (OEM), म्हणजे मशीन बनवणाऱ्यानेच टाकलेलं लायसन्स, दिसलं तर विंडोज बहुधा त्या मशीनसोबतच आलेलं. व्हॉल्यूम केएमएस (VOLUME_KMS), म्हणजे कंपन्यांना घाऊक दिलं जाणारं लायसन्स, दिसलं, तर ते कुठल्या कंपनीच्या नावाचं आहे ते विचारा. विकणाऱ्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर मशीन फॉरमॅट मारण्याआधी त्याला लायसन्स सरेंडर करायला सांगा, म्हणजे ते त्याच्याकडे मोकळं होतं आणि नव्या मशीनवर चढतं. सरेंडरचं हे बटण आपल्याच देशातल्या कंपनीने दिलंय, म्हणजे तांत्रिक अडचणीची सबब कुणी सांगू नये.

ग्रुपवरचा शेवटचा आक्षेप असा की, लायसन्स विकायची मुभा मिळाली तरी आपले लोक क्रॅकच टाकतील. काही टाकतील. पण हातात बिल असलेल्या माणसाला आणि क्रॅक टाकणाऱ्याला आज एकच पत्र येतं. मग बिल जपून ठेवायचं तरी कशाला, याचं उत्तर ‘चोरी ती चोरीच’वाल्यांनी अजून दिलेलं नाही.