बदामची जात विचारणाऱ्यांना

आज सकाळी नकाणे तलावाकडे फिरायला गेले होते. ओळखीचे एक गृहस्थ, सोबत त्यांचा हस्की, थंड मुलखातला कुत्रा. आमच्या कुत्र्याकडे, बदामकडे बघून म्हणतात, "वहिनी, फसवलं तुम्हाला. हा धड कॉकर नाही, धड गावठी नाही. जातीचे कागद आहेत का? कितीला पडला?" चार लोकांसमोर! तेव्हा काही बोलले नाही. पण संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

बदाम बॉयकिन स्पॅनियल आहे. लेक-जावई साउथ कॅरोलायनात होते, येताना घेऊन आले. आता दोघं पुण्यात दिवसभर नोकरीवर, म्हणून तो धुळ्याला आमच्याकडे. ही जात अमेरिकेतच फार जणांना माहीत नाही, तर इथे कुणी ओळखली नाही याचा राग नाही. राग आहे तो न बघताच निकाल देण्याचा. कॉकरपेक्षा अंगानं मोठा, तोंड लांबट, अंगभर एकच तपकिरी रंग, डोळे पिवळसर. बघितलं तर दिसतं हो!

संक्रांतीनंतर मुडावदला गेलो होतो, पांझरा-तापीच्या संगमावर. तिथे एक म्हातारे बाबा जाळं सांधत बसले होते. त्यांनी किंमत विचारली नाही, नाव विचारलं. मग त्याचा पंजा हातात घेतला, बोटं फाकवली, मधली कातडी बघितली आणि म्हणाले, "हाऊ ते पानीना कुत्रा शे, माय." कॅरोलायना कुठे आहे हे त्या बाबांना ठाऊक नसेल. त्यांनी बदामला बघितलं, बस.

आणि कागदांचं म्हणाल, तर या जातीचा मूळपुरुषच बेवारशी होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. स्पार्टनबर्ग गावात चर्चजवळ एक तपकिरी कुत्रं अलेक्झांडर व्हाइट यांच्या मागे लागलं. त्यांनी ते घरी नेलं, डंपी नाव ठेवलं. शिकारीत हुशार निघालं, तेव्हा कॅम्डनजवळच्या आपल्या मित्राकडे, व्हिट बॉयकिन यांच्याकडे पाठवलं. तिकडे वॉटरी नदीच्या दलदलीत लहानशा होड्यांतून रानटर्कीची शिकार चालायची. मोठा कुत्रा होडीत चढला की होडी कलंडायची. या लहानखुऱ्या कुत्र्याला कोपऱ्यात बसवता यायचं आणि पाण्यात पडलेला पक्षी तोच उचलून आणायचा. त्या डंपीपासून ही जात उभी राहिली. १९८५ साली ती साउथ कॅरोलायनाचा राज्य-कुत्रा झाली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळाली थेट २००९ मध्ये. तोवर तिथल्या शिकाऱ्यांना आपला कुत्रा ओळखू येत नव्हता का? बाबांनी पंजा बघून ओळखला तसाच तेही ओळखत होते.

हो, आपला उन्हाळा त्याला सोसत नाही, हे मान्य. दुपारभर कूलरसमोर असतो, बाहेर काढायचा तो ऊन उतरल्यावरच. हौस म्हणून कुणी असा कुत्रा इकडे मागवू नये, हेही मान्य. पण मग त्या गृहस्थांचा हस्की सकाळी आठला जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, त्याला ओंजळभर पाणी पाजावं हे त्यांना सुचलं नाही. कागद मात्र चोख असतील!

आणि गावठी म्हटलं तर त्यात एवढं हिणवण्यासारखं काय आहे? आमच्या गल्लीतली काळी कुत्री रात्री अनोळखी माणसाला कोपऱ्यावरून आत येऊ देत नाही. बदाम नवीन आला तेव्हा घाबरून ओट्याखाली दडून बसायचा. तिनेच त्याला सोबत घेऊन अख्खी गल्ली फिरवली. आता तिच्या ताटलीत हा तोंड घालतो, तरी ती गुरगुरत नाही. लिहिता लिहिता राग थोडा उतरला तो तिच्यामुळेच.

तुमच्यातल्या कुणाला बॉयकिन बघायचा असेल तर खुशाल घरी या, सहानंतर. तेव्हा त्याला हौदात सोडतो. लेकरांना घेऊन या, पंजा बघू देईल, चावत नाही. शेव-फरसाण घालू नका त्याला. आणि किंमत विचारू नका, मी सांगणार नाही.