गावाचा इतिहास रोडटच कसा करावा

तुमच्या गावाला इतिहास असेलच हो, पण बोर्ड आहे का? नसेल तर तो इतिहास कोणी धरत नाही, तेव्हा आधी बोर्डाचं बघा.

साइज मोठी घ्या. दहा बाय वीसचा फ्लेक्स घेतला की वरचा निम्मा मार्गदर्शक, प्रेरणास्थान, संकल्पक आणि सौजन्य यांच्या फोटोंना जातो, उजव्या कोपऱ्यात ज्यांचा त्या आठवड्यात वाढदिवस असेल ते बसतात, मग खाली जी चार बोटं उरतात त्यात आठशे वर्षं बसवायची. बसतात. फॉन्ट बारीक करा, तसंही कोणी गाडीतून उतरून वाचणार नाहीये.

मजकुराचं टेन्शन घेऊ नका, तो ठरलेला आहे. देऊळ काळ्या दगडाचं असेल तर ते हेमाडपंती, विषय संपला. कोणी शहाणा म्हणेल की अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० आहे, नाव शिलाहार राजा मम्वाणीचं आहे आणि हेमाद्रीपंत तर तेराव्या शतकात यादवांकडे होते, मग हे हेमाडपंती कसं? त्याला सांगा, पूर्वीचे अधिकारी असे होते, जन्माच्या दोनशे वर्षं आधी कामाला लागायचे. तरी नाही पटलं तर पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं लिहा, कळस अर्धवट असेल तर कोंबडा आरवला. आणि भुयार विसरू नका!! भुयार कुठल्याही किल्ल्यापर्यंत नेता येतं, पुढे बुजलेलं असतं त्यामुळे कोणी मोजायला जात नाही.

खरी कटकट जुन्या दगडांची. देवळामागे नाहीतर पाराला टेकून वीरगळ उभा असतो, म्हणजे त्या काळचा बोर्डच, फक्त खालून वर वाचायचा: खाली लढाई आणि मेलेला वीर (पुष्कळदा गावच्या गाई सोडवताना गेलेला), मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो पिंडीची पूजा करतोय आणि टोकाला चंद्र-सूर्य. बोरिवलीत एक्सरला तर वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई कोरलीय. एवढं सगळं, आणि सौजन्य कोणाचं ते कुठेच नाही! बऱ्याचदा मेला त्याचंसुद्धा नाव नाही. अशा अर्धवट बोर्डाला शेंदूर फासून देव करा, देव नको असतील तर ऑइल पेंट मारा, अप्सरेला गुलाबी आणि घोड्याला निळा छान दिसतो. तेही नको तर पाणवठ्यावर न्या, कोरीव दगडावर गोधडीचा मळ काय झकास निघतो.

मैलाच्या दगडांना तर एवढंही करावं लागत नाही. मुंबईत इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजून दगड रोवले होते, त्यातले काही फुटपाथ वाढत वाढत आपोआप गळ्यापर्यंत गाडले गेले. खर्च शून्य.

आता गधेगळ, म्हणजे शिवी कोरलेला दानाचा दगड. याच्याशी जरा सांभाळून. शिलाहार-यादवांच्या काळात जमीन दान दिली की ती जो कोणी बळकावेल त्याच्या आईचं काय होईल ते गाढवासकट कोरून ठेवायचे, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून, आणि वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर लागू, अपील नाही. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड यापुढे फारच सभ्य, १९५८ चा कायदा सांगतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, म्हणून तर लोक त्या बोर्डावरच बाण घुसलेला बदाम काढतात. गाढवाच्या शिवीला मात्र पूर्वी माणसं टरकायची. तुम्ही टरकू नका. दानाची जमीन नेमकी कुठली हे आता कोणाला सांगता येत नाही आणि सातबाऱ्यावर गाढवाची नोंद नसते. अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत ज्याची गणना होते आणि ज्याचं साल शके ९३४ असं वाचलं गेलंय, तोसुद्धा वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता, कोणाचं काही वाकडं झालं?

तर फ्लेक्स छापून आला की लोकार्पण उरकून घ्या, ढोल सांगा, नारळ सांगा. फक्त हायवेला वारा फार असतो आणि बांबू खड्ड्यात हलतात, त्यांच्या बुडाशी काहीतरी वजनदार टाकायला लागतं. देवळामागचा तो गाढवाचा दगड आणा. चौघांना उचलत नाही, गाढवाची बाजू खाली करा म्हणजे पाहुण्यांना बसायलाही होईल.