सगळ्यांचे काम म्हणजे कोणाचेच नाही

‘पदे आणि जबाबदाऱ्या वाटून दिल्या की स्वयंसेवकांचा उत्साह मावळतो, म्हणून सगळ्यांनी सगळे करावे’ हे तरुण कलाकारांच्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या नियतकालिकांविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. अशाच एका नियतकालिकाच्या संपादनात मी काही काळ होतो आणि तिथे उत्साह मावळला तो नेमक्या उलट कारणाने. कविता निवडायच्या बैठकीला झाडून सगळे हजर असत. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, आकसलेले चित्र छपाईला चालणार नाही, चित्रकाराकडून ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके इतकी स्पष्ट) मूळ फाइल मागवायला हवी, हे पाहणारे कोणी नसे. मधोमध पिन मारलेल्या अंकाची पाने ४ च्या पटीतच बसवावी लागतात. त्यामुळे ऐनवेळी एखादा लेख वाढला की काय गाळायचे, यावर शेवटचा शब्द कोणाचा हे आधी ठरलेले नसेल, तर वाद आणि रुसवेफुगवे ठरलेलेच.

लेखात राहून गेलेली आणखी एक गोष्ट म्हणजे साहित्य पाठवणाऱ्यांशी होणारा व्यवहार. मानधन देता येत नसेल, तर तसे आवाहनातच स्पष्ट लिहावे (‘व्यासपीठ मिळते’ हा काही मोबदला नव्हे), प्रताधिकार (कॉपीराइट) लेखक-कलाकारांकडेच राहील याची लेखी हमी द्यावी आणि नकारसुद्धा ठरलेल्या मुदतीत कळवावा. पहिलीच कथा पाठवणाऱ्या मुलाला नकारापेक्षा महिनोन्महिने न आलेले उत्तर मनाला अधिक लागते, आणि ते उत्तर पाठवण्याचे काम तरी एकाच माणसाच्या नावावर असायला हवे.