झाड तोडून निपाह जाणार नाही

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एका अर्जाचा मसुदा आला. मागच्या निलगिऱ्यांवर वटवाघळं लटकतात, वटवाघळांमुळे निपाह हा मेंदूला सूज आणणारा विषाणूजन्य आजार होतो, सबब महापालिकेने ही झाडं तातडीने काढावीत. खाली अंगठ्यांची रांग. एका काकांनी लिहिलं, अर्ज कशाला, दिवाळीचे सुतळी बॉम्ब उरलेत, दोन रात्री लावू, आपोआप जातील. त्यावर टाळ्या. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं आणि मुद्दा बाजूला पडला असता. म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण वाचा.

सुतळी बॉम्ब वाचलं आणि मला मामाच्या गावचा वड आठवला. २०२१ चा जून. लॉकडाऊनमुळे आम्ही तिकडेच होतो. पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला, महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहच्या खुणा सापडल्याची बातमी आली. नमुने मार्च २०२० मधले होते, आणि राज्यात एकाही माणसाला लागण झालेली नव्हती. पण टीव्हीवाल्यांनी दिवसभर लाल पट्ट्या फिरवल्या, आणि मामाचं गाव साताऱ्याकडचं. संध्याकाळी पोरांनी ओढ्याकाठच्या वडाखाली पाचट पेटवलं आणि वर फटाके सोडले. सकाळी मामाबरोबर गेले तर खाली अर्धवट वाढलेली पिल्लं पडलेली. एक जिवंत होतं. कोल्ह्यासारखं तोंड, मानेभोवती पिवळट लव, आणि पंखाच्या अंगठ्याची नखी पारंबीच्या सालीत रुतवून ठेवलेली. मामाने फावड्याने हळूच उचलायचा प्रयत्न केला तर ती नखी सुटेना. आणि ज्यांनी निपाहच्या भीतीने जाळ केला, त्यांचीच पोरं मेलेल्या वटवाघळांचे पंख उघड्या हातांनी ताणून फोटो काढत होती.

आता मला सांगा, विषाणूच्या सगळ्यात जवळ कोण गेलं?

हा निपाह आला कुठून, ते जरा बघू. १९९८ मध्ये मलेशियात वराहपालनाच्या गोठ्यांवरची माणसं मेंदूज्वराने मरायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं जपानी मेंदूज्वर, म्हणून डास मारायची फवारणी, लसीकरण. रोग हटेना. १९९९ मध्ये डॉ. चुआ काव बिंग यांनी नवा विषाणू वेगळा केला, आणि सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळालं. तोवर शंभरावर माणसं गेली होती आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारली गेली. मागाहून उलगडा झाला. डुकरांच्या गोठ्यांना लागूनच आंब्याच्या बागा लावलेल्या. फळं खाणारी मोठी वटवाघळं रात्री यायची, अर्धे खाल्लेले आंबे खाली पडायचे, डुकरं ते खायची, आणि डुकरांकडून विषाणू कामगारांपर्यंत जायचा. वटवाघळांत हा विषाणू असतोच, त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. आंबा आणि डुक्कर एका कुंपणात आणले माणसाने. पुढे गोठे आणि फळझाडं लांब ठेवली, आणि त्यानंतर मलेशियात माणसांत निपाहची साथ आलेली नाही. मूळ शोधायचं ते यासाठी! वाट कुठली हे कळावं आणि ती बंद करता यावी म्हणून. मारायला कोणीतरी सापडावं म्हणून नव्हे.

बांगलादेशात वाट निघाली खजुराच्या कच्च्या रसाची. रात्री वटवाघळं मडक्यावर येऊन रस चाटतात, तिथेच लघवी करतात, सकाळी माणसं तोच रस पितात. उपाय काय, तर रसासाठी झाडाला पाडलेल्या खाचेवर आणि मडक्यावर बांबूची चटई बांधायची. आपल्याकडे ताडी-नीरा काढणाऱ्यांनीही मडक्याला जाळी बांधावी, हे मी शंभरदा म्हणेन.

आणि केरळ. २०१८ चा मे, निपाहची साथ. पहिल्या रुग्णाच्या घराच्या विहिरीत वटवाघळं सापडली म्हणून केवढा गदारोळ झाला होता! तपासणी झाली तर त्या वटवाघळांत विषाणू नव्हताच, ती कीटक खाणारी निघाली. नंतर त्या भागातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांत तो सापडला. पण तोवर निकाल लागून गेला होता, टीव्हीवर आणि लोकांच्या मनात. त्या साथीत पेरांब्राच्या सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका लिनी पुथुसेरी रुग्णाची सेवा करता करता गेल्या. दोन लहान लेकरं मागे. नवऱ्याला लिहिलेली त्यांची चिठ्ठी पेपरात आली होती, ती वाचून मी स्वयंपाकघरात एकटी रडले होते. म्हणून कृपा करून मला कोणी असं म्हणू नका की मला माणसांपेक्षा वटवाघळांची जास्त काळजी आहे. निपाह भयंकर आहे. लागण झालेल्या १०० पैकी ४० ते ७५ माणसं जातात. लहान मुलांच्या आयांना भीती वाटते, ती खोटी नाही. एवढं मान्य.

पण मग त्या भीतीने करताय काय तुम्ही?

मामाच्या गावचा वड रिकामा झाला. तेव्हा मामा म्हणाला, "आता ही जायची कुठं? माझ्याच पेरूत येणार." आणि आलीच. ओढ्याकाठी, वस्तीपासून लांब होती ती घरामागच्या बागेत आली, शाळेच्या आवारातल्या झाडांवर आली. उष्टे पेरू अंगणात पडायला लागले. मामी रोज सकाळी मुलं उठायच्या आत ते गोळा करून पुरायची. आधी तिला हे कधी करावं लागलं नव्हतं.

युगांडात तर याहून वाईट झालं. किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग या इबोलाच्या कुळातल्या विषाणूची लागण झाली, म्हणून तिथली वटवाघळं मारून खाण रिकामी केली. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांच्याच जातकुळीतली ती. काही वर्षांनी नवी वटवाघळं आली, आणि त्यांच्यात विषाणू असलेल्यांचं प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून जास्त निघालं. २०१२ मध्ये त्याच भागात मारबर्गची साथ आली. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये घोड्यांमधून माणसांत आलेल्या हेंड्रा या विषाणूचीही हीच गोष्ट. हिवाळ्यात फुलणारी जंगलं तोडली, उपाशी वटवाघळं घोड्यांच्या कुरणांवर आली. ज्या हिवाळ्यात उरलेलं जंगल भरभरून फुललं, त्या हिवाळ्यात ती तिकडे गेली आणि घोडे वाचले. आपल्या मागच्या निलगिऱ्या तोडल्यावर ती वटवाघळं मंगळावर जाणार आहेत का? शेजारच्या बंगल्यातल्या चिकूवर जातील. मग काय, चिकू तोडायचा?

ग्रुपवर कोणीतरी कोरोनाही आणलाच. हो, त्या विषाणूचे जवळचे नातेवाईक युनान आणि लाओसच्या वटवाघळांत सापडलेत, ते नाकारत नाही. पण तिथून तो माणसापर्यंत कसा आला, यावर अजून वाद चालू आहेत. त्याचा राग इथल्या झाडावर काढून काय मिळणार?

खरं सांगायचं तर या जनावराला आपण कधी किंमतच दिली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत होती. ती यादी रद्द झाली २०२२ च्या दुरुस्तीत. वड-उंबर-मोहाच्या बिया रात्रीतून लांबवर नेऊन टाकतात हीच. आंब्या-पेरूचं नुकसान करतात, तेही खरं, मामाला विचारा. तरी त्या सकाळी ते जिवंत पिल्लू त्याने फावड्यावरून उंबराच्या फांदीला नेऊन टेकवलं, आणि नखी फांदीत अडकेपर्यंत हात खाली घेतला नाही. पेरूचं नुकसान झालेला माणूस हे करू शकतो, तर पार्किंगमध्ये गाडीवर विष्ठा पडते म्हणून तक्रार करणाऱ्यांना ताडपत्री घालता येत नाही?

काय करायचं, तेही लिहिते. झाडाखाली पडलेलं उष्टं फळ मुलांना उचलू देऊ नका. टोचलेलं, कुरतडलेलं फळ खाऊ नका, बाकीचं धुऊन, सोलून खा. मेलेलं वटवाघूळ दिसलं तर हात लावू नका, महापालिकेला कळवा. पाण्याच्या टाकीचं झाकण गेल्या पावसाळ्यापासून फुटलंय, ते आधी बसवा. त्यासाठी कोणाचा अर्ज आलेला मी पाहिला नाही.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगीआधी झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात. माझी हरकत लिहून तयार आहे. रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे, कागद घेऊन मी दारातच बसते. सोसायटीतले जे जे हे वाचतायत त्यांनी आत जायच्या आधी सही करा. आणि ते सुतळी बॉम्बवाले काका माझ्या मित्रयादीत आहेत. काका, तुम्हीही या. समोरासमोर बोलू.